टपाली मतदान: घरातलं कोण करू शकतं, कोण नाही आणि मत बाद कशामुळे होतं

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "मला दर निवडणुकीत ड्यूटी लागते. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. सासरे ८३ वर्षांचे, अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळलेले. मिस्टर वीज वितरण कंपनीत, धाकटे दीर सैन्यात. मुलगी पुण्याला वसतिगृहात राहून शिकते आणि माझा भाऊ दुबईत आहे. यांपैकी कोणाकोणाला पोस्टाने मत देता येईल, आणि त्यासाठी काय करावं लागतं?"

ताई, तुमच्या एका घरात टपाली मतदानाचे जवळजवळ सगळे प्रकार आले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. महसूल खात्यातल्या नोकरीत अनेक निवडणुकांत टपाली मतपत्रिका कक्षाचं काम माझ्याकडे असायचं. त्या टेबलावर बसून जे दिसलं आणि नियमात जे लिहिलं आहे, ते दोन्ही सांगतो. आधी सरळ उत्तर: सासूबाईंना येईल. सासऱ्यांना दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर येईल. मिस्टरांची त्या दिवशी ड्यूटी असेल आणि त्यांची सेवा त्या निवडणुकीसाठी अधिसूचित असेल तर येईल. दीरांना येईल, तुम्हालाही येईल. मुलीला आणि भावाला येणार नाही.

पहिली गोष्ट ही की आपल्याकडे टपाली मतदान सोयीखातर मिळत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात प्रत्येक नोंदणीकृत मतदाराच्या पत्त्यावर मतपत्रिका येते. तिकडे स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून हे ऐकून लोक तहसील कार्यालयात "आमची मतपत्रिका कधी येणार" असं विचारायला येतात. आपल्या कायद्याचं मूळ तत्त्वच वेगळं आहे. मत मतदान केंद्रावर जाऊनच द्यायचं हा नियम, आणि टपाल हा त्याला ठरावीक वर्गांपुरता अपवाद. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६० मध्ये आणि निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये हे वर्ग ठरवून दिले आहेत. सेवा मतदार म्हणजे प्रामुख्याने सैनिक, निवडणूक कर्तव्यावरचे कर्मचारी, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेले लोक, राष्ट्रपती-राज्यपालांसारखे विशेष मतदार, आणि आयोगाने अधिसूचित केलेले अनुपस्थित मतदार, म्हणजे ठरावीक वयापुढचे ज्येष्ठ, दिव्यांग आणि अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी. या यादीत ज्याचं नाव कुठेच बसत नाही, त्याची अडचण कितीही खरी असली तरी निवडणूक निर्णय अधिकारी त्याला मतपत्रिका देऊ शकत नाही. दवाखान्यात दाखल झालेला रुग्ण, नुकतीच बाळंत झालेली बाई, परगावी नोकरीला असलेला मुलगा, सगळ्यांना हेच उत्तर द्यावं लागतं. ते देताना वाईट वाटतं, पण खोटी आशा लावण्यापेक्षा बरं.

आता सासूबाई आणि सासरे. ज्याला सगळे गृहमतदान म्हणतात, ते नियमाच्या दृष्टीने टपाली मतदानच आहे. त्यात पोस्टमन येत नाही, मतदान पथक येतं. ही सोय ऑक्टोबर २०१९ मध्ये नियमांत आली. तेव्हा वयाची अट ८० वर्षांची होती आणि सुरुवात त्या वर्षीच्या झारखंड विधानसभा निवडणुकीत निवडक मतदारसंघांपासून झाली. मार्च २०२४ मध्ये अट ८५ वर्षांवर नेली, आणि त्या वर्षीच्या लोकसभेला प्रथमच देशभर गृहमतदान झालं. त्यामुळे "मागच्या वेळी शेजारच्या आजोबांना ८१ व्या वर्षी घरी मत देता आलं होतं" असं कुणी सांगितलं तर ते खरं असू शकतं, पण आज ते लागू नाही.

सासूबाई ८६ वर्षांच्या, म्हणजे वयात बसतात. पण मतदार यादीत त्यांचं वय किती नोंदलं आहे ते आजच पाहा. ८५ पेक्षा जास्त वयाच्या मतदारांची नावं कार्यालय यादीतल्या नोंदीवरूनच काढतं. जुन्या पिढीच्या जन्मतारखा अंदाजाने लिहिलेल्या असतात, आणि खेड्यात तर घरातल्या सगळ्यांची १ जून किंवा १ जानेवारी असते. यादीत ८२ लिहिलेलं असेल तर बीएलओ, म्हणजे तुमच्या केंद्राच्या मतदार यादीचं काम पाहणारा कर्मचारी, तुमच्या दारात अर्ज घेऊन येणारच नाही. दुरुस्ती नमुना ८ भरून होते, आणि ती निवडणुका लागण्याआधी, निवांत काळात करायची असते.

सासऱ्यांचं वय बसत नाही. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे, तो म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा. इथे बहुतेक कुटुंबांची गल्लत होते. माणूस अंथरुणाला खिळला आहे हे सगळ्या गावाला दिसतं, डॉक्टरांचे कागद असतात, फाइल वीतभर जाड असते. पण नियमाला हवं असतं सक्षम यंत्रणेनं दिलेलं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. आजारपणाचे कागद त्याची जागा घेत नाहीत. प्रमाणपत्र नसेल तर जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या. निवडणूक बाजूला ठेवली तरी ते इतर योजनांसाठीही लागतंच. प्रमाणपत्र हातात आलं की त्याच नमुना ८ मधून मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंद करता येते. मग कार्यालयाकडे त्यांचं नाव आपोआप राहतं.

अर्जाचा नमुना १२ड. निवडणूक लागली की बीएलओ पात्र मतदारांच्या घरी जाऊन तो देतो आणि भरून परत नेतो. सक्ती कुणावरच नाही. सासूबाईंना रिक्षाने शाळेपर्यंत जाऊन, बोटाला शाई लावून घेऊनच मत द्यायचं असेल तर तो त्यांचा हक्क आहे. अनेक आजी-आजोबांना तेच हवं असतं, आणि मुलांनी सोयीसाठी त्यांचा निर्णय परस्पर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. कारण एकदा १२ड मंजूर झाला की यादीच्या चिन्हांकित प्रतीत त्यांच्या नावापुढे टपाली मतपत्रिका दिल्याची खूण होते, आणि मग केंद्रावर गेल्या तरी मत देता येत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षासमोर हात जोडून उभे राहिलेले असे मतदार पाहावे लागतात, आणि त्याच्या हातात काहीच नसतं.

मुदतीकडे नीट लक्ष द्या. १२ड निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे. मतदानाच्या आधी पाच दिवस नव्हे. निवडणूक जाहीर होणं आणि अधिसूचना निघणं या दोन वेगळ्या तारखा असतात. २०२४ च्या विधानसभेचंच पाहा. आयोगाने दिल्लीत पत्रकार परिषद घेतली १५ ऑक्टोबरला. अधिसूचना निघाली २२ ऑक्टोबरला. पाच दिवस धरले तर २७ ऑक्टोबर, आणि २८ ला वसुबारस होती. मतदान झालं २० नोव्हेंबरला. म्हणजे लोक फराळाच्या तयारीत होते, उमेदवारांचे अर्ज अजून भरले जात होते, आणि घरून मत देण्याची मुदत संपून गेली. प्रचाराचा आवाज गल्लीत येईपर्यंत ज्यांनी वाट पाहिली, त्यांचा उशीर झाला. आचारसंहिता लागली की त्याच दिवशी बीएलओला फोन करायचा, एवढं लक्षात ठेवा. त्याचा नंबर नसेल तर १९५० या मदत क्रमांकावर विचारा. दिव्यांगांसाठी आयोगाचं सक्षम नावाचं ॲप आहे, त्यावरूनही मागणी नोंदवता येते.

अर्ज मंजूर झाल्यावर काय होतं ते सांगतो. मतपत्रिका छापल्या जातात त्या माघारीची मुदत संपून उमेदवारांची अंतिम यादी ठरल्यावर. २०२४ ला ती ४ नोव्हेंबर होती. त्यानंतर पथकांचे मार्ग ठरतात आणि घरी येण्याचा दिवस आधी कळवला जातो. पथकात दोन मतदान अधिकारी असतात, सोबत पोलीस आणि व्हिडिओ चित्रण करणारा. उमेदवारांनाही पथक कधी, कुठे जाणार ते कळवलेलं असतं, आणि त्यांचा प्रतिनिधी येऊ शकतो. चित्रण कार्यवाहीचं होतं, मत देतानाच्या खुणेचं होत नाही. त्या वेळी आडोसा केला जातो, आणि घरातल्यांनीही तिथून बाजूला व्हायचं असतं. सून, मुलगा, नातू, कुणीही "आजी, इथे कर" म्हणायचं नाही. मतदाराला दिसत नसेल किंवा हात चालत नसेल तर त्याच्या पसंतीचा एक प्रौढ सोबती मदत करू शकतो. सासऱ्यांच्या बाबतीत कदाचित हे लागेल. तो सोबती कोण हे त्यांनी ठरवायचं, घरातल्या कर्त्या माणसानं नव्हे.

पहिल्या फेरीत मतदार घरी नसेल तर पथक एकदा पुन्हा येतं. दुसऱ्यांदाही भेट झाली नाही तर संपलं, केंद्रावरही मत देता येत नाही. म्हणून त्या दिवसांत सासूबाईंना लेकीकडे पाठवू नका आणि दवाखान्याची तारीख असेल तर आधी कळवून ठेवा.

टपाली मतदानाचं खरं मर्म दोन लिफाफे आणि एका घोषणापत्रात आहे. ते समजून घेतलं तर मत बाद का होतं तेही कळेल. मतदाराला चार गोष्टी मिळतात: मतपत्रिका, नमुना १३अ म्हणजे घोषणापत्र, नमुना १३ब म्हणजे आतला लहान लिफाफा आणि नमुना १३क म्हणजे बाहेरचा मोठा लिफाफा. सोबत सूचनांचा कागद १३ड असतो, तो वाचावा. मतपत्रिकेवर आपल्या उमेदवारापुढे स्पष्ट खूण करायची, घडी घालून लहान लिफाफ्यात टाकायची आणि तो चिकटवायचा. या लिफाफ्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक असतो. घोषणापत्रावर आपलं नाव, तोच अनुक्रमांक, आपली सही आणि त्याखाली अधिकृत अधिकाऱ्याचं साक्षांकन. मग चिकटवलेला लहान लिफाफा आणि सुटं घोषणापत्र, दोन्ही मोठ्या लिफाफ्यात.

घोषणापत्र लहान लिफाफ्यात घालायचं नाही. ही चूक शिकलेली माणसंही करतात.

अशी रचना का, तर मतदार कोण हे तपासता यावं आणि तरी त्याचं मत गुप्त राहावं म्हणून. मतमोजणीच्या वेळी आधी फक्त मोठा लिफाफा उघडतात. घोषणापत्र आहे का, सही आहे का, साक्षांकन आहे का, त्यावरचा अनुक्रमांक लहान लिफाफ्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहतात. यांत काही चुकलं तर लहान लिफाफा न उघडताच मत बाद होतं. आत कुणाला मत दिलं होतं हे कधीच कुणाला कळत नाही. सगळं जुळलं तर घोषणापत्रं वेगळी काढून ठेवतात आणि लहान लिफाफे एकत्र करून मग उघडतात. त्या क्षणापासून नाव आणि मत यांचा संबंध तुटलेला असतो. "साहेब, माझं मत कुणाला गेलं ते तुम्हाला कळणार ना?" हा प्रश्न शिक्षक दबक्या आवाजात विचारतात. नाही कळत, आणि कळू नये म्हणूनच हे दोन लिफाफे आहेत.

दुसरी चाळणी मतपत्रिकेची. खूणच नाही, एकापेक्षा जास्त उमेदवारांपुढे खूण आहे, खूण दोन नावांच्या मध्ये आहे, किंवा मतदार ओळखू येईल असं काही लिहिलं आहे, तर मत बाद. मतपत्रिकेवर सही करू नये. आपल्या लोकांना कागद दिसला की खाली सही करायची सवय असते, ती इथे नडते. उमेदवारांपैकी कुणीच नको असेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय टपाली मतपत्रिकेवरही असतो. त्यासाठी कागद कोरा ठेवू नका.

थोड्याशा टपाली मतांनी काय फरक पडणार, असं कुणाला वाटत असेल तर ढोलक्याचं प्रकरण वाचावं. गुजरातच्या २०१७ च्या विधानसभेत या मतदारसंघातून भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी निवडून आले. तिथे ४२९ टपाली मतपत्रिका बाद ठरवल्या होत्या, म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जास्त. मे २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच त्या निकालाला स्थगिती दिली, पण टपाली मतांच्या टेबलावर काय चालतं याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं गेलं. बाद मतपत्रिका विजयाच्या फरकापेक्षा जास्त असतील तर त्या सगळ्या पुन्हा तपासायच्या, अशी आयोगाची सूचना आहे. २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात रवींद्र वायकर आणि अमोल कीर्तिकर यांच्यात फरक फक्त ४८ मतांचा राहिला, तेव्हा तिथेही बाद टपाली मतपत्रिकांची फेरतपासणी झाली. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला आणि साकोलीचा २०८ मतांनी. विधानसभेच्या एखाद्या मतदारसंघात कर्मचारी, सैनिक आणि ज्येष्ठांची टपाली मतं यापेक्षा सहज जास्त असतात.

साक्षांकनावरून तर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सुविधा केंद्रात, म्हणजे कर्मचाऱ्यांनी टपाली मत देण्यासाठी केलेल्या जागी, साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्याची सही आहे, पण त्याचं नाव, पदनाम किंवा शिक्का नाही, अशी घोषणापत्रं धरायची की नाही, हा प्रश्न होता. ती बाद करू नयेत अशी भूमिका आयोगाने घेतली, उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही आणि मतमोजणीच्या आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. मतदारांच्या बाजूने हे बरं झालं. तरीही माझा सल्ला असा की सही, नाव, पदनाम आणि शिक्का चारही आहेत ना हे पाहिल्याशिवाय लिफाफा चिकटवू नका. मतदाराची काही चूक नसताना दुसऱ्याच्या विसरभोळेपणामुळे त्याचं मत जावं, यासारखं वाईट काही नाही. घरी येणारं पथक साक्षांकन जागेवरच करतं, त्यामुळे सासूबाईंना वेगळी धावपळ नाही. फक्त तुम्ही डोळ्याखालून घाला.

आता तुमचं स्वतःचं. कर्मचाऱ्यांच्या मतदानात दोन प्रकार आहेत आणि ते कुठल्या निवडणुकीत ड्यूटी आहे यावर ठरतात. लोकसभेला साधारणपणे ड्यूटी आपल्याच लोकसभा मतदारसंघात लागते, फक्त विधानसभा क्षेत्र बदलतं. तेव्हा नमुना १२अ भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घ्यायचं, म्हणजे ज्या केंद्रावर काम करता तिथेच यंत्रावर मत देता येतं. ईडीसी म्हणतात ते हेच. हा सगळ्यात चांगला मार्ग: घोषणापत्र नाही, लिफाफे नाहीत, बाद होण्याची भीती नाही. विधानसभेला मात्र कर्मचाऱ्यांना मुद्दाम स्वतःच्या मतदारसंघाबाहेर पाठवतात, आणि मग टपाली मतपत्रिकाच घ्यावी लागते. त्यासाठी नमुना १२, सोबत नियुक्ती आदेशाची प्रत. नियमाप्रमाणे नमुना १२ मतदानाच्या किमान सात दिवस आधी आणि १२अ चार दिवस आधी द्यायचा असतो. अधिकारी ही मुदत कमी करू शकतो, पण त्यावर विसंबू नका. पहिल्या प्रशिक्षणालाच अर्ज द्या.

अर्जात यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अचूक हवेत. इथे शेकडो अर्ज अडतात. लोक ओळखपत्राचा क्रमांक लिहितात आणि भाग क्रमांक मोकळा सोडतात, किंवा पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरून उतरवून काढतात. पुनर्रचनेत भाग बदलतात, अनुक्रमांक तर प्रत्येक यादीत बदलतो. ताज्या यादीत नाव शोधून तोच क्रमांक लिहा. तुमची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली असेल आणि मत मूळ गावी असेल, तर तुमचा अर्ज तुमच्या मूळ मतदारसंघाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि मतपत्रिका तिकडून येते. या देवाणघेवाणीत दिवस मोडतात, म्हणून अशांनी तर एक दिवसही थांबू नये.

पूर्वी कर्मचारी मतपत्रिका घरी नेत, सवडीने भरत आणि मोजणीच्या दिवसापर्यंत पोचवत. २०२३ मध्ये नियम बदलला. आता मतपत्रिका सुविधा केंद्रात घ्यायची, तिथेच मत द्यायचं आणि तिथल्याच पेटीत टाकायची. केंद्र बहुधा प्रशिक्षणाच्या ठिकाणी असतं. काही शिक्षक मित्रांना हे जाचक वाटतं. मला हा बदल मनापासून पटला. मतपत्रिका आठ-दहा दिवस घरात राहिली की गावातले पुढारी, संस्थेचे चालक, नातलग यांची नजर तिच्यावर पडते. "भरलेल्या मतपत्रिकेचा फोटो दाखवा" असं सांगणारे महाभाग असतात, आणि ज्याची नोकरी संस्थेच्या हातात आहे त्यानं नाही म्हणायचं कसं? आडोशाच्या आत दिलेलं मत हेच त्याचं संरक्षण आहे. तिथेही फोन बाहेर ठेवूनच जा. पोलीस, होमगार्ड आणि निवडणुकीसाठी ताब्यात घेतलेल्या वाहनांचे चालकही याच प्रकारात येतात. चालकांना तर कुणी सांगतच नाही, म्हणून तुमच्या पथकाच्या गाडीवर जो असेल त्याला तुम्हीच विचारा.

मिस्टरांना तुमच्यासारखी निवडणूक ड्यूटी नसेल, पण मतदानाच्या दिवशी उपकेंद्रावर पाळी असेल, तर ते अत्यावश्यक सेवेतले अनुपस्थित मतदार ठरू शकतात. कुठल्या सेवा धरायच्या हे आयोग त्या त्या निवडणुकीसाठी अधिसूचित करतो. वीज, आरोग्य, अग्निशमन, रुग्णवाहिका, रेल्वे, आयोगाचं प्राधिकारपत्र असलेले पत्रकार अशा सेवा त्यात येतात. अर्ज १२ड च, मुदत तीच पाच दिवसांची. पण त्यावर खात्याच्या समन्वय अधिकाऱ्यानं त्या दिवशी ड्यूटी असल्याचं प्रमाणित करावं लागतं. त्यांच्या घरी पथक येत नाही. मतदानाच्या आधी ठरलेले सलग तीन दिवस, सकाळी ९ ते संध्याकाळी ५, टपाली मतदान केंद्र उघडं असतं, तिथे जाऊन मत द्यायचं. पाळी सकाळची असेल आणि दुपारनंतर मोकळीक मिळत असेल तर या फंदात न पडता सरळ आपल्या केंद्रावर जाणं बरं.

दीरांचा मार्ग सगळ्यात वेगळा आहे. तुमच्या साताऱ्यात आपशिंगे (मिलिटरी) सारखी गावं आहेत, तिथे घराघरात हा विषय असतो. सैनिकांची नोंद सेवा मतदार म्हणून, मूळ गावाच्या यादीच्या शेवटच्या भागात, युनिट किंवा अभिलेख कार्यालयामार्फत होते. पत्नी त्यांच्यासोबत राहत असेल तर तिचीही. पूर्वी कोरी मतपत्रिका टपालाने सीमेवर जायची आणि परत येईपर्यंत निकाल लागून गेलेला असायचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये नियम बदलून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायला सुरुवात झाली. आता ती युनिटमध्ये पासवर्ड वापरून उतरवून घेतात, छापतात, मत देतात आणि लिफाफे स्पीड पोस्टाने परत पाठवतात, पैसे न भरता. जाणं क्षणात होतं, येणं मात्र अजूनही टपालानेच. २०२४ ला ४ नोव्हेंबरला उमेदवार ठरले आणि २३ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता मोजणी सुरू झाली. लडाखमधून साताऱ्याला लिफाफा पोचायला एवढाच अवधी. मोजणी सुरू होण्याच्या वेळेनंतर आलेला लिफाफा उघडतच नाहीत, बाजूला बांधून ठेवतात. दीरांना सांगा, मतपत्रिका हाती आली त्याच दिवशी मत द्या आणि पाठवा.

आणखी एक: गावाकडे त्यांचं नाव सर्वसाधारण यादीतही राहिलं आहे का पाहा. भरती होण्याआधीचं नाव बहुतेकदा तसंच असतं. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, ते काढून घ्यावं.

मुलीला टपाली मत नाही. पण ती वसतिगृहाच्या पत्त्यावर पुण्यात नाव हलवू शकते, नमुना ८ नेच, किंवा गावी ठेवून मतदानाला येऊ शकते. निवड तिची, नाव एकाच ठिकाणी. भावानं भारताचं नागरिकत्व सोडलं नसेल तर नमुना ६अ भरून अनिवासी मतदार म्हणून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लावता येतं. ही सोय २०११ पासून आहे. पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं. सैनिकांसारखी मतपत्रिका परदेशातल्या भारतीयांनाही पाठवावी असा प्रस्ताव आयोगाने २०२० मध्ये सरकारला दिला होता, तो अजून प्रत्यक्षात आलेला नाही. मला सगळ्यात जास्त खंत वाटते ती कोकणातल्या आणि गोव्यातल्या बोटीवर काम करणाऱ्या लोकांची. महिनोन्महिने समुद्रावर असतात, कुठल्याच वर्गात बसत नाहीत, आणि गोव्यात २०२२ ला सांत आंद्रेसारखी जागा ७६ मतांनी ठरते. तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांनाही मत नाही. फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्यांना टपालाने देता येतं.

मोजणीच्या दिवशी टपाली मतं आधी घेतात आणि अर्ध्या तासानंतर यंत्रांची मोजणी सुरू करता येते. सैनिकांच्या लिफाफ्यांवरचे क्यूआर कोड एकेक करून तपासावे लागतात, त्यामुळे हे टेबल मागे पडतं. यंत्रांच्या फेऱ्या संपल्या, जल्लोष सुरू झाला, आणि टपालाचं टेबल अजून चालूच, असं व्हायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने सांगितलं की टपाली मतमोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. हे आधीच व्हायला हवं होतं. उमेदवारांनाही सांगणं आहे: या टेबलावर नवखा पोरगा बसवू नका, १३अ वाचता येणारा माणूस बसवा.

हे सगळं लोकसभा आणि विधानसभेचं. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे कायदे आणि नियम वेगळे आहेत, आणि १२ड चा अर्ज तिथे चालत नाही. त्या निवडणुकीला ड्यूटी लागली तर नियुक्ती आदेश हातात पडताच त्याच कार्यालयात टपाली मतपत्रिकेबद्दल विचारा. सासूबाई-सासऱ्यांना मात्र केंद्रावर न्यावं लागेल. तिथे चाकाची खुर्ची आहे का आणि मत तळमजल्यावरच्या खोलीत आहे का, हे आदल्या दिवशी शाळेत जाऊन पाहून या.